चालवून पाहिलं

बिश्केक, ३ एप्रिल

आदरणीय तोक्तोसुन बायके,

आपली ओळख नाही. मी आयझिरेक. इथे डोंगरी धोक्यांवर नजर ठेवणारी एक छोटी कचेरी आहे, तिथे प्रोग्रॅमिंग करते. ज्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे कार्ड आणि संगणक यांची गाठ घालून देणाऱ्या कोडबद्दल, लिहिते आहे त्याच्या पहिल्याच ओळीवर तुमचं नाव आहे. मेलिंग लिस्टवर विचारलं तर सगळे एकच सांगतात, की त्या कार्डाच्या कोडला हात लावायचा असेल तर आधी तोक्तोसुन बायकेंना विचार. रिवाजाप्रमाणे पॅच, म्हणजे कोडमधली माझी दुरुस्ती, लिस्टवर टाकला आहेच. हे पत्र वेगळं, आपल्या भाषेत, कारण लिस्टवरच्या इंग्रजीत मोठ्या माणसाला ‘बायके’, म्हणजे दादा, म्हणून धड नमस्कारही करता येत नाही.

काम असं आहे. ताश-बुलाक गावाच्या वर, हिमनदीच्या तोंडाशी, एक तळं साचलं आहे. त्याला बांध आहे तो बर्फाचा आणि दगडमातीचा, देवाच्या भरवशावर उभा. तो फुटला की चिखल-दगडांचा लोंढा ओढ्यातून सरळ गावात. म्हणून ओढ्याच्या काठाने आम्ही जमिनीची थरथर ऐकणारे कान पुरले आहेत. कान जी थरथर ऐकतात ती संगणकाला जोडलेलं कार्ड आपल्या स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतं. ड्रायव्हर ती तिथून उचलून संगणकाच्या मेमरीत आणतो, आणि मग आमचा प्रोग्रॅम ठरवतो, गावातला भोंगा वाजवायचा की नाही.

आता रागावू नका, पण तुमचा ड्रायव्हर एकेक बाईट उचलतो. दर बाईटला प्रोसेसर कार्डापर्यंत जातो, उत्तर येईपर्यंत हात जोडून उभा राहतो, मग परत फिरतो. चमच्याने हौद भरण्यातला प्रकार. गेल्या उन्हाळ्यात वर एक दरड कोसळली तेव्हा कार्ड भराभर लिहीत सुटलं, चमचा मागे पडला, आणि जुनं उचलायच्या आत त्याच्यावर नवं लिहून झालं. हाती आली ती फाटकी नोंद. प्रोग्रॅमने ती गोंगाट समजून फेकून दिली. भोंगा वाजलाच नाही. दरड वाटेतच थांबली म्हणून निभावलं, नाहीतर मी हे पत्र कुठल्या तोंडाने लिहिलं असतं कोण जाणे.

मी तुमचा चमचा काढून तिथे एकच साधी कॉपी लावली आहे, एका घासात सगळं. कचेरीतल्या मशीनवर ती पाहता पाहता होते. जूनमध्ये बर्फ वितळायला लागायच्या आत ती वर बसली पाहिजे. तुमचं ‘तपासलं’ मिळालं की मी पुढे सरकते.

तुमची,
आयझिरेक


१४ एप्रिल

आयझिरेक बाई,

पॅच वाचला. नको.

कार्डाची मेमरी ही मेमरी नव्हे. तिला मेमरीसारखा पत्ता दिलेला असतो, एवढंच. साध्या कॉपीला वाटतं ही आपल्याच घरातली कोठी आहे, कुठूनही उचलावं, कोणत्याही क्रमाने उचलावं, मनात आलं तर एकच मूठ दोनदा भरावी. कार्डाकडे जाताना परक्याच्या दारी गेल्यासारखं वागावं लागतं. तुमच्या कचेरीतला प्रोसेसर सोशिक जातीचा आहे, त्याने तुमचं चालवून घेतलं. वर डोंगरात संगणकाची जी पेटी बसवली आहे तिचा प्रोसेसर दुसऱ्या जातीचा. त्याच्याकडे कार्डातल्या आडनिड्या पत्त्यावरून मोठा घास मागितलात की तो तिथल्या तिथे मान टाकील.

तशीच दुसरी पेटी टेबलावर आणा आणि चालवून पाहा. मग बोलू.

तोक्तोसुन

ता. क. चमचा माझाच, खरं आहे. तेव्हा हौदही वाटीएवढाच होता.


बिश्केक, १५ एप्रिल

तोक्तोसुन बायके,

उत्तराची वाट पाहून डोळे शिणले, आणि आलं काय, तर ‘नको’. त्यावर लिस्टवरच्या लोकांनी माना डोलावल्या. आमचे साहेब, एर्मेक बायके, म्हणाले की लिस्टला मारा गोळी, कोड आपला, पेटी आपली, वर नेऊन बसवा. खरं सांगते, माझ्या मनातही तेच आलं.

तुम्ही कुठे राहता मला माहीत नाही. बहुतेक परदेशात कुठेतरी, चांगल्या ऊबदार खोलीत. तिथून ‘नको’ लिहायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं. त्या तळ्याखाली जे झोपतात त्यांना विचारा, त्यांना पाहुण्यासारखी वागणारी कॉपी हवी आहे की वेळेवर वाजणारा भोंगा.

दुसरी पेटी आजच मागवली आहे. तुमचं म्हणणं खोटं ठरवायलाच मागवली आहे, हेही कळवते.

आयझिरेक


बिश्केक, २२ एप्रिल

तोक्तोसुन बायके,

पेटी मेली.

सुरू केली, पहिली नोंद आली, दुसरी आली, मी एर्मेक बायकेंना हाक मारून म्हटलं, बघा, म्हातारं उगाच घाबरवतं. ते चहाचा पेला घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि तेवढ्यात पडद्यावर मरणाच्या ओळी धावायला लागल्या. पुन्हा चालू केली, पुन्हा तिथेच मेली. एर्मेक बायके पेला माझ्याच टेबलावर ठेवून आपल्या टेबलाकडे गेले.

वर डोंगरात हे झालं असतं तर भोंगा दरडीच्या वेळी नुसता उशिरा वाजला नसता, तो कायमचाच गप्प झाला असता आणि आम्हाला वाटत राहिलं असतं की सगळं शांत आहे. मागच्या पत्रातला शब्द न् शब्द मी परत घेते, ऊबदार खोलीसकट.

कार्डाच्या मेमरीसाठी कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीत, जी खास कॉपी आहे ती वापरून दुसरी आवृत्ती लिस्टवर पाठवली आहे. ती पत्ता सरळ करून घेते, आणि मग पूर्ण रुंदीचे घास उचलते. प्रोसेसरची फेरी एका बाईटसाठी असो की आठांसाठी, वेळ तेवढाच. मग रिकाम्या हाताने का यावं, हे मला आत्ता कळलं. टेबलावरची पेटी या आवृत्तीवर कालपासून तगून आहे.

तुमची,
आयझिरेक


५ मे

आयझिरेक,

आता अगंतुगं करतो. रागाच्या भरात पत्र लिहिणं आणि मग स्वतः होऊन परत घेणं, यावरून तुझं वय कळलं. यातली दुसरी गोष्ट अनेकांना म्हातारपणीही जमत नाही, हेही लिहून ठेवतो.

दुसरी आवृत्ती चांगली आहे. तरीही नको.

तू कार्डाची खिडकी, म्हणजे त्याच्या मेमरीचा बाहेरून दिसणारा भाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत उचलतेस. शेवटच्या टोकाला, शेपटीला म्हण, नोंद नाही. तिथे एक खूण आहे. तुझ्या हातून काही निसटलं, तर कार्ड तिथे खूण करून ठेवतं. आणि ही खूण अशी आहे की वाचली की पुसली जाते. कोंबडीखाली अंडं आहे का हे हात घालून बघायचं, आणि बघता बघता अंडं हातात येतं, तसं. तुझी कॉपी दर फेरीला नोंदीबरोबर ते अंडंही उचलते आणि न बघता फेकून देते. नोंद फाटकी आली तर ती फाटकी आहे हे ड्रायव्हरला कधीच कळणार नाही.

कार्डाच्या माहितीपुस्तकात हे लिहिलं आहे. बारीक अक्षरात, तक्त्याच्या खाली.

घाई आहे मला ठाऊक आहे. तरी शेपटी सोडून ये.

तोक्तोसुन


बिश्केक, ९ मे

तोक्तोसुन बायके,

वाचलं. आहे, तक्त्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. मी तो तक्ता भिंतीवर लावला होता आणि खालची पट्टी कात्रीने कापून टाकली होती, चौकटीत नीट बसावा म्हणून.

माझा राग आता गेला आहे, उलट नवल वाटतं. तुम्ही हे कार्ड किती वर्षांपूर्वी हाताळलं असेल. समोर कार्ड नाही, पेटी नाही, नुसती माझी दोन पानं कोड वाचून तुम्हाला दिसतं की कुठे काय पुसलं जाईल. माझी आजी तिकडे नारिन भागात दुसऱ्याच्या कळपातली मेंढी लांबून बघून सांगायची की ही उद्या लंगडेल. सगळे हसायचे. दुसऱ्या दिवशी मेंढी लंगडायची.

तुमचं घर कुठे, मुलंबाळं काय, हे विचारलेलं चालेल का? तुम्ही पत्रावर तारीख घालता, गाव घालत नाही. उत्तरही नेहमी उशिरा येतं. एर्मेक बायके म्हणतात, मोठी माणसं अशीच असतात, त्यांना वाट बघायला लावायला आवडतं. तेच असंही म्हणतात की म्हाताऱ्याचं काय जातंय, घर थोडंच त्याचं वाहून जाणार आहे. मी त्यांना म्हटलं, तोंड आवरा. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची,
आयझिरेक


बिश्केक, २१ मे

तोक्तोसुन बायके,

तुमचं उत्तर नाही, पण तिसरी आवृत्ती तयार झाली म्हणून लिहिते.

शेपटी सोडली. ती आता वेगळी, एकदाच, सगळ्यात शेवटी वाचते, आणि खूण दिसली तर प्रोग्रॅमला स्पष्ट सांगते की ही नोंद फाटकी आहे, गोंगाट समजू नकोस, धोका समज.

पण ते तुमचं. आता माझं ऐका. टेबलावरची पेटी बघत बसले होते आणि एक गोष्ट लक्षात आली. आपण कार्डाच्या मागे मागे पळतो. ते लिहितंय आणि आपण त्याच्याच टाचेवर वाचतोय. त्यात आपले हेलपाटे वाढतात आणि त्याच्या पायात पाय अडकतो ते वेगळंच. पण या कार्डाच्या मेमरीचे दोन वाफे आहेत. एक भरला की ते हाक मारतं आणि दुसऱ्यात लिहायला लागतं. जुना ड्रायव्हर ती हाक ऐकतच नव्हता. मी आता हाक येईपर्यंत हलत नाही. हाक आली की भरलेला वाफा सुरुवातीपासून, पूर्ण रुंदीने, एका दमात उचलते. त्या वेळी कार्ड पलीकडच्या वाफ्यात असतं, आम्ही एकमेकांच्या वाटेत येत नाही. उचलायच्या आधी आणि नंतर, कार्ड कुठे लिहितंय ते दाखवणारा त्याचा आकडा बघते. तो माझ्या वाफ्यात परत आलेला दिसला तर मी उशीर केला, आणि तसं कबूल करते.

पेटीवर मी दरडीची जुनी नोंद चौपट वेगाने ओतली. एक थेंब सांडला नाही.

जून तोंडावर आला आहे, बायके. ‘नको’ म्हणायचं असेल तर लवकर म्हणा.

आयझिरेक


२९ मे

आयझिरेक,

तीन वेळा वाचलं. मग कानिशायला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. तिला कोडमधलं काही कळत नाही, पण ती म्हणाली की तू पहिल्यांदाच काही वाचताना हसतोयस.

दोन वाफे मला माहीत होते. हाक माहीत होती. दोन्ही मिळून अशी वाट निघते हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. आणि उशीर झाला तर तसं कबूल करायचं, ही ओळ तू कोडमध्ये घातलीस ती मला सगळ्यात आवडली. पुष्कळ हुशार लोकांचा कोड वाचला आहे. तो वेगाने पळतो आणि पडला की उठून कपडे झटकतो, पडल्याचं कुणाला सांगत नाही.

लिस्टवर आजच लिहिलं आहे. इथे पुन्हा लिहितो.

तपासलं: तोक्तोसुन.

वर बसव. जपून जा. ओढ्याच्या डाव्या काठाने जा, उजवीकडची वाट गेल्या वर्षी खचली.

तोक्तोसुन


बिश्केक, १८ जून

तोक्तोसुन बायके,

बसवली. डाव्या काठानेच गेले. तुम्हाला ती वाट कशी ठाऊक, असं मनात आलं, पण तुम्हाला काय ठाऊक नसतं.

टेबलावर तपासलेली पेटी जुनीच्या जागी बसवायला घोड्यावर बांधून वर नेली, कार्ड मी माझ्या कोटात ठेवलं होतं. चालू केल्यावर आम्ही ओढ्यात मोठाले धोंडे लोटून दिले. खाली गावात भोंगा असा वाजला की कुत्री पळाली. उतरताना ताश-बुलाकमधलं पहिलंच घर लागलं, ओढ्याला अगदी लागून, निळं फाटक. एक जेंगे, वहिनीच म्हणा, बाहेर आल्या आणि माझ्या घोड्याचा लगाम धरला. भाकरी तोंडात टाकल्याशिवाय दारावरून जाऊ देणार नाही म्हणाल्या. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे हे कसं असतं. आत नेऊन ताज्या, तळलेल्या बोरसोकांचा ढीग पुढे ठेवला, साय, काळ्या बेरींचा मुरंबा, आणि चहा काही थांबेचना. मालक मेंढरं घेऊन जायलूवर, उन्हाळी कुरणावर, गेलेत म्हणाल्या. गंमत म्हणजे त्यांचे बूट दारातच होते आणि ओलेही होते. मी मनात म्हटलं, अनवाणी गेले असतील बिचारे.

निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. ‘आयनालायिन’ म्हणाल्या. माझी आजी गेल्यापासून माझ्यावरून असा जीव कुणी ओवाळून टाकला नव्हता. घोड्यावर बसल्यावर मला रडू आलं, तेही सांगून टाकते.

आता एक मागणं. पॅचच्या खाली तुमचं ‘तपासलं’ आहे. त्याच्या खाली ‘चालवून पाहिलं’ अशी दुसरी ओळही असते. ती फक्त माझ्या नावाची आहे आणि एकटी दिसते. तुमचंही नाव घाला ना.

आयझिरेक


३० जून

आयझिरेक,

नाही. जे मी स्वतः चालवून पाहिलं नाही त्याच्याखाली तशी ओळ मी लिहीत नाही. तू मागितलीस तरी नाही.

बोरसोक आवडले हे वाचून बरं वाटलं.

तोक्तोसुन


बिश्केक, २४ जुलै

तोक्तोसुन बायके,

बातमी ऐकली असेल. काल दुपारी तळं फुटलं.

आमच्याकडे शेवटची नोंद आली ती अख्खी आहे. एका वाफ्यामागून एक वाफा, कुठे फाटलेलं नाही, शेपटीला खूण नाही. नोंदीवरून दिसतं की भोंगा लोंढ्याच्या पुष्कळ आधी वाजला. मग वरची पेटी गेली, फोनचा मनोरा गेला, फोन गेले. रस्ता तुटलाय. एर्मेक बायके हेलिकॉप्टरवाल्यांच्या दारात बसून आहेत.

लोक म्हणतात काठावरची घरं राहिली नाहीत. बायके, ते निळं फाटक पहिलंच होतं. भोंगा वाजला हे मला माहीत आहे, पण त्या जेंगेंनी ऐकला का? चहा ओतत बसल्या असतील. कुणाला भाकरी खाऊ घालत बसल्या असतील. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

तुम्ही इतक्या लोकांना ओळखता. ताश-बुलाकमध्ये कुणी ओळखीचं आहे का? कुणीही चालेल. फक्त एवढं विचारा.

आयझिरेक


ताश-बुलाक, वरचं कुरण, २ ऑगस्ट

आयनालायिन आयझिरेक,

जेंगे ठीक आहेत. नाव कानिशाय. आत्ता माझ्या शेजारी बसून मदतीला आलेल्या लष्कराच्या चुलीवर चहा करते आहे आणि चूल वाईट आहे म्हणून लष्कराला शिव्या देते आहे. नाव वाचून तुला कळलंच असेल.

ते बूट माझे. मी पडद्यामागे उभा होतो, मोज्यांवर. तू बोरसोक खात होतीस आणि कानिशायला वाफ्यांची गोष्ट समजावून सांगत होतीस. माझ्यापेक्षा बरी सांगितलीस. बाहेर यावंसं फार वाटलं. पण पेटी नुकतीच बसली होती, तुला अजून कोडमध्ये काही सापडलं असतं, पुन्हा तपासायची वेळ आली असती. मी ओढ्याकाठी राहतो हे तुला कळलं असतं तर माझा प्रत्येक ‘नको’ तुला भीतीचा वाटला असता आणि प्रत्येक ‘हो’ घाईचा. तपासणाऱ्याचं घर कुठे आहे हे कोडला माहीत असू नये. पत्रावर गाव घालत नव्हतो ते म्हणून. उत्तराला उशीर व्हायचा त्याचं कारण मात्र मोठेपणा नव्हे. इथे रेंज फक्त मेंढवाड्याच्या वरच्या चढावर मिळते, आणि माझा गुडघा रोज तिथवर येत नाही.

पहिला ‘नको’ लिहून खाली आलो त्या दिवशी कानिशाय माझ्यावर चिडली. म्हणाली, पोर आपल्यासाठीच घाई करते आहे आणि तू अक्षरं निवडत बसलायस, जून काय तुझ्यासाठी थांबणार आहे? मी तिला म्हटलं, “अर्धवट ऐकणाऱ्यापेक्षा बहिरा बरा. बहिऱ्याच्या भरवशावर कुणी झोपत नाही.” तिला पटलं नाही. मलाही त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या ‘नको’च्या वेळी तर मी चढावर बराच वेळ बसून राहिलो. खाली आमचं छप्पर दिसत होतं. तुझी आवृत्ती चांगली होती, बहुतेक वेळा चालली असती. मग ‘नको’च पाठवला.

आता त्या दुपारचं. कानिशाय कणीक मळत होती. भोंगा वाजला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की वाफा भरला. मग आम्ही निघालो. ती पिठाच्या हातांनी, मी मोज्यांवर, सवयच झाली आहे. शेजारच्या म्हाताऱ्या सुइयुन्बाय अक्साकालने थांबून फाटक नीट लावून घेतलं, कुत्रं आत जाऊ नये म्हणून. सगळा गाव वर कुरणावर आला, म्हाताऱ्या, तान्ही मुलं, आमचं गाढव. तिथे उभे राहून आम्ही श्वास घेतला, कुणीतरी माणसं मोजली, कमी निघाली म्हणून पुन्हा मोजली, पुरी भरली. आणि मग लोंढा आला. आमचं घर गेलं. आधी फाटक गेलं, मग बेरींची झुडपं, मग घर. आवाज असा होता की मी कानिशायचा हात धरला आहे हे मला नंतर कळलं.

माझी झोप गेली होती, आयझिरेक, ती याच आवाजाच्या धास्तीने. आणि तुझा कोड त्याच्या पुढे, तो येतोय असं सांगत, धावत आला. मी आयुष्यभर कोड वाचला. कोड ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

एक चूक राहिली आहे. भोंगा बंद कसा करायचा ते तू गावात कुणाला सांगितलं नव्हतंस. मनोरा गेला तरी तो बॅटरीवर संध्याकाळपर्यंत कोकलत होता आणि गाढव त्याला उत्तर देत होतं. चौथ्या आवृत्तीत बघ. मी तपासीन.

लष्कराने तात्पुरता मनोरा उभा केला, तेव्हा आज सकाळीच चढावर जाऊन लिस्टवर पाठवलं आहे. तू मागितलेली ओळ, तिसऱ्या आवृत्तीखाली, तुझ्या नावाच्या शेजारी:

चालवून पाहिलं: तोक्तोसुन, कानिशाय, आणि सगळं ताश-बुलाक.